फ्रिजवरचे आकडे

सोमवार, ९ सप्टेंबर

ही वही बायकोने आणून दिली. "माझ्याशी बोलत नाहीस तर नाही, निदान हिच्याशी बोल," म्हणाली. रागात नव्हती. रागवायलासुद्धा माणसाला जरा ताकद लागते, आणि आमच्या घरात सध्या ती कुणाकडेच नाही. तर बोलतो.

वय सत्तेचाळीस. धंदा प्रोग्रॅम लिहिण्याचा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे मदतनीस बायका पाठवणं हे आमच्या कंपनीचं काम, आणि त्या बायका ज्या पोर्टलवर नोंदी लिहितात ते सांभाळणं हे माझं. काय खाल्लं, कोणती गोळी दिली, पोट साफ झालं का, चिडचिड होती का, सगळं त्या आपापल्या फोनवरून लिहितात. पूर्वी प्रत्येक घरात एक वही असायची. येणारेजाणारे ती चाळतात म्हणून मॅडमनी, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनी, दोन वर्षांपूर्वी वह्या बंद केल्या. कागदावर एक अक्षर लिहायचं नाही, लिहायचं ते पोर्टलवर, असा सक्त नियम आहे.

आज सकाळी तक्रार आली. एका घरातल्या आजींना अंथरुणात लघवी होते, ही गोष्ट त्यांच्या ओळखीच्या बायकांत पसरली. शोध घेता घेता निघालं असं, की भलत्याच घरी काम करणाऱ्या एका मदतनीस बाईने ती नोंद वाचली होती. कशी? पानाच्या वर पत्त्याच्या ओळीत नोंदीचा नंबर असतो. तो बदलला की दुसऱ्याची नोंद उघडते. बस, इतकंच. तुम्ही कोण हे आमचं पोर्टल दारात विचारतं, पण एकदा आत आल्यावर कोण कुणाच्या खोलीत शिरतंय याकडे ढुंकूनही बघत नाही. पाच वर्षं हे असंच चाललंय आणि ते मीच लिहिलंय.

मॅडम ओरडल्या नाहीत. "दहा दिवसांत ज्याला त्याला आपापलंच दिसायला हवं," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मंगळवार, १० सप्टेंबर

आमच्याकडे तपासणीचं काम करणाऱ्या बाईला ऑफिसात सगळे शंकासुर म्हणतात. तिला ते माहीत आहे. चहाच्या कपावरही तिने तेच लिहून घेतलंय. आज तिची पहिली शंका आली.

"आपापलं म्हणजे कुणाचं?"

"म्हणजे?"

"नोंद कुणाची धरायची? लिहिणारीची, का ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याची?"

मी म्हटलं, लिहिणारीची. प्रत्येक नोंदीवर लिहिणारीचा क्रमांक आधीपासूनच असतो. तो जुळला तर दाखवायचं, नाही तर 'परवानगी नाही'. एका ओळीचं काम. दुसरं काही धरायचं तर प्रत्येक घराची यादी आली, कोण कधीपासून कामाला, सुट्टीवर कोण, बदली कोण, त्यात दोन महिने जातील. दिलेत दहा दिवस.

"बघा बुवा," ती म्हणाली. तिचं ते 'बघा बुवा' मग दिवसभर डोक्यात घुटमळत राहतं.

जाता जाता दुसरी शंका टाकून गेली. "आणि आपलं काय? मुख्य खात्याला तर सगळंच दिसतं." मी म्हटलं, दुरुस्ती करणाऱ्याला दिसायलाच हवं. हे खोटं नाही. पण ही वही कुणी वाचणार नाही तर खरं लिहितो. मुख्य खातं उघडून मी रोज सकाळी पहिलं काय करत असेन, तर बाबांचं पान काढतो.

बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात, दोन बस, सव्वा तास. आई गेल्यापासून एकटेच. आमच्याच कंपनीच्या दोघीजणी त्यांच्याकडे येतात. सकाळच्या ताई आठ ते एक, दुपारच्या मावशी दोन ते आठ. मधला तासभर ते झोपतात. किती जेवले, चालायला गेले का, कुणावर खेकसले, मला सगळं बसल्या जागी कळतं. एका घरात राहणाऱ्या मुलाला इतकं कळत नसेल. बायको विचारते, "कधी जाणार आहेस?" मी म्हणतो, "रोज वाचतो की."

मावशींची आजची नोंद: "आजोबा पत्ते खेळले. तीन डाव जिंकले. लबाडी करतात." वाचून मी एकटाच हसलो.

गुरुवार, १२ सप्टेंबर

बाबांच्या टीव्हीच्या रिमोटचे सेल संपल्याचं मावशींनी दोनदा लिहिलं होतं. आज त्या बाजूला एक काम निघालं, म्हणून सेल घेऊन गेलो. दीड वाजला होता. माझ्याकडे किल्ली आहे. बाबा एक हात उशीखाली घालून गाढ झोपले होते, दाढीचे खुंट वाढलेले. उठवलं नाही. परत तीनच्या आत ऑफिसात पोचायचं होतं. सेल टेबलावर ठेवले. चार शब्द लिहून ठेवावेत म्हटलं तर घरात कोरा कागद सापडेना. आमचाच नियम आम्हालाच आडवा आला.

फ्रिजवर मात्र चुंबकाखाली एक चिठ्ठी होती. तिच्यावर नुसते आकडे. २४१२७७, २४१६९०, २४२०८१. पहिले दोन खोडलेले. बाबा विजेच्या मीटरचे आकडे उतरवून ठेवत असणार, रिकाम्या माणसाला काहीतरी चाळा लागतोच. पण दिवसाला चारशे युनिट म्हणजे मीटर बिघडलाय. वायरमनला सांगायला हवं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

मावशींची कालची नोंद: "टेबलावर सेल होते. आजोबांनी विचारलं कोणी आणले. मी नाही म्हटलं. मग बराच वेळ दाराकडे बघत बसले. रात्री अर्धंच जेवले."

संध्याकाळी फोन केला. "बाबा, सेल मी ठेवले होते."

"मग उठवायचंस."

"गाढ झोप लागली होती तुम्हाला."

"झोपतो काय, रोजच झोपतो. तू रोज येतोस का?"

मी विषय बदलला. "काल रात्री ताटात टाकलंत म्हणे."

"कोण म्हणे?"

"नाही, आपला अंदाज."

"तुझे अंदाज हल्ली फार बरोबर यायला लागलेत," म्हणाले आणि फोन ठेवला. दमले असतील.

रविवार, १५ सप्टेंबर

पाठ धरलीय. दिवसभर आडवा. बाबांकडे जायचं होतं, राहिलं. पडल्या पडल्या पान वाचलं. ताई: "आजोबांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. घालून दिला." मावशी: "सात वाजता शर्ट बदलला. घडी करून परत ठेवायला सांगितला." टापटीप राहतायत, बरं वाटलं. मागच्या रविवारीही असंच काहीतरी होतं.

बुधवार, १८ सप्टेंबर

झालं एकदाचं. सकाळी दहा वाजता नवा नियम लागू केला. शंकासुराने तीस खात्यांतून आत शिरून सगळीकडे नंबर बदलून बघितले. जिथे तिथे 'परवानगी नाही'. मॅडमनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. जी पाठ दुखते तीच.

दिवसभरात मदतकक्षाला एकोणीस बायकांचे फोन आले. काल उघडत होतं ते आज उघडत नाही, 'परवानगी नाही' असं येतंय. मदतकक्षाने सगळ्यांना सुनावलं, बरोबरच आहे, दुसऱ्याचं बघायचं नसतं. म्हणजे एकोणीस जणी चोरून वाचत होत्या! बंद केलं ते बरंच केलं.

"चोर कधी आपणहून फोन करून तक्रार करतो का?" शंकासुर म्हणाली.

"आजच्या दिवस शंका नको," मी म्हटलं. ती कप घेऊन उठून गेली.

गुरुवार, १९ सप्टेंबर

बाबांच्या पानावर गोळीची नोंद दोनदा पडलीय. १२.४० ला "साखरेची गोळी दिली, जेवले." आणि २.१५ ला "साखरेची गोळी दिली." मुख्य खात्याच्या यादीत वेळ आणि मजकूर तेवढा दिसतो, कुणी लिहिलं ते मी एरवी वेळेवरून ओळखतो. रेंज नसली की बायका बटण दाबून फोन पिशवीत टाकतात, आणि रेंज आली की तीच नोंद पुन्हा येऊन पडते. जुनंच दुखणं, नव्या बदलाने वर आलं असेल. शंकासुराच्या यादीत टाकलं. पुढच्या आठवड्यात बघू.

शुक्रवार, २० सप्टेंबर, दुपारी साडेचार

मीटिंग आत्ता संपली. अंग इतकं जड झालंय की जागेवरच बसून लिहितोय. बाबांच्या पानावर आज पुन्हा तेच. १२.३५ आणि २.२०. म्हणजे योगायोग नाही, चूक पक्की आहे. पक्की चूक पकडायला सोपी असते, सोमवारी लावतो मार्गी.

मीटिंगमध्ये फोनचा आवाज बंद होता. मावशींचे तीन फोन येऊन गेलेले दिसतायत. बघतो काय ते.

शनिवार, २१ सप्टेंबर

दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितोय. वही पिशवीतच राहिली होती.

बाबा वाचले. काल चार वाजता त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले आणि बाथरूमच्या दारात ते कोसळले. कपाळाला सात टाके. रक्तातली साखर इतकी खाली गेली होती की डॉक्टरांनी खात्रीसाठी दोनदा तपासली. मावशींनी चमच्याने साखरपाणी ओठांत सोडलं, खालच्या मजल्यावरच्यांना हाका मारल्या, गाडी करून इथे आणलं. मला तीन फोन केले आणि चौथा माझ्या बायकोला. ती माझ्याआधी पोचली.

ताईही धावत आल्या. डॉक्टरांनी विचारलं, "साखरेची गोळी किती वाजता दिलीत?"

"बारा पस्तीसला," ताई म्हणाल्या. "भूक लागली म्हणाले, म्हणून लवकर वाढलं."

"दोन वीसला," मावशी म्हणाल्या.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. डॉक्टर दोघींकडे. मी भिंतीकडे. दोन नोंदी पडल्या होत्या कारण दोन गोळ्या गेल्या होत्या. गुरुवारी दोन, शुक्रवारी दोन. ताईंना फक्त आपली दिसत होती, मावशींना फक्त आपली. दोन्ही दिसत होत्या त्या मला एकट्याला, आणि मी त्या यादीत टाकल्या.

रविवार, २२ सप्टेंबर

मावशी बाबांचा चष्मा घेऊन आल्या. बाकावर मध्ये एक जागा सोडून बसल्या. मी विचारलं नव्हतं, त्याच बोलायला लागल्या.

"दादा, ती गोळी जेवणाआधीची. आजोबा कधी साडेबाराला जेवतात, कधी हट्ट करून अडीचला. जी जेवायला वाढेल तिनं गोळी द्यायची, असं आमचं ठरलेलं. कागदावर तर लिहायचं नाही. मग ताई जाताना फ्रिजवर त्यांच्या नोंदीचा नुसता नंबर लावून जायच्या. मी आले की तो नंबर वर टाकायचे, त्यांचं लिहिलेलं उघडायचं. गोळी दिली का, जेवले का, सगळं कळायचं. दोन पाळ्यांच्या घरी सगळ्याच जणी असं करतात. बुधवारी टाकला तर 'परवानगी नाही'. ऑफिसला फोन केला, तर म्हणाले, दुसऱ्याचं बघायची सवय सोडा."

"ताईंना फोन करायचा होतात."

"त्या दुपारी दुसऱ्या घरी असतात. तिथं काम करताना फोन घ्यायला बंदी आहे. मग आजोबांनाच विचारू लागले. बुधवारी ते खरंच जेवायचे राहिले होते. पुढचे दोन दिवस झोपेच्या गुंगीत म्हणाले, नाही बाई, गोळी नाही आणि जेवणही नाही. मी गोळी दिली, ताट वाढलं, तर दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. मला वाटलं, आज भूक नाही." मग पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "माझ्या हातून झालं हो."

"नाही," मी म्हटलं. पुढचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मीटर! नोंदींना ते नंबर मी लिहिलेला प्रोग्रॅमच देत असतो, दिवसाला चारशेच्या आसपास, आणि मी त्या चिठ्ठीसमोर उभा राहून वायरमनचा विचार करत होतो. स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

मंगळवार, २४ सप्टेंबर

मॅडमनी सकाळीच ठरवून टाकलं. मावशींना कमी करायचं. "खात्री न करता गोळी दिलीच कशी?" मी समोर बसलो होतो. काही बोललो नाही. दुपारपर्यंत बोललो नाही. उलट मनात येऊन गेलं, की हे माझ्या दृष्टीने किती सोयीचं आहे. लिहायला हात धजत नाही, पण आलं होतं.

जेवणानंतर शंकासुराने माझ्यासमोर एक कागद ठेवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. बुधवारच्या एकोणीस फोनांची यादी होती. प्रत्येक बाईच्या नावासमोर तिने पाळी लिहिली होती. दुपारची, दुपारची, दुपारची. एकोणीसच्या एकोणीस. एकही सकाळची नाही.

तो कागद घेऊन मॅडमकडे गेलो. "मावशींचं चुकलेलं नाही. नोंद लिहिणारीची धरायची हे मी ठरवलं. मला वेळेवर विचारलं गेलं होतं आणि मी उडवून लावलं. तोंडी निरोप द्यायला मधे तासाभराची फट, कागद बंद, नंबर टाकून वाचायचीच काय ती वाट होती, ती मी बुजवली. आणि दोन गोळ्यांची नोंद गुरुवारीच बघितली होती, तीही मीच."

"गुरुवारी? तुम्ही कशी बघितलीत?"

"बाबांचं पान मी रोज बघतो. मुख्य खात्यातून."

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

मॅडमनी कागद बाजूला ठेवला. "ज्या बाईने दुसऱ्या घरची नोंद वाचली, तिला मी काढून टाकलं," म्हणाल्या. "तुमचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. आधी हे निस्तरा." मावशी राहिल्या. पोर्टल नीट होईपर्यंत घरोघरी पुन्हा वही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. वहीच्या आधी तिला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता बाबांना सांग."

शुक्रवार, २७ सप्टेंबर

बाबा घरी आलेत. कपाळावर पट्टी, आवाज बारीक, पण तोंड पूर्ववत. पलंगाशेजारी नवी वही होती. ताई आणि मावशी दोघी तिच्यात लिहितात. बाबांनी ती चष्मा लावून पहिल्यापासून वाचून काढली.

"हे माझ्याबद्दल आहे," म्हणाले.

"हो."

"आणि आजवर मला कुणी दाखवलं नाही."

मी समजावून सांगितलं. नोंद कशी साठवतात, कुणाला दिसते, मी काय बदललं आणि काय झालं. दोन्ही गोळ्या मला दिसल्या होत्या, हेही. मध्येच थांबावंसं वाटलं, पण थांबलो नाही. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

बाबा चौतीस वर्षं बसस्थानकावर होते, सामान ठेवायच्या खोलीत. लहानपणी मला त्यांच्या शर्टाला येणारा चामड्याचा आणि धुळीचा वास आवडायचा.

"पेट्या आणून कोण ठेवायचे?" त्यांनी विचारलं.

"हमाल."

"मग पेटी हमालाची होते का रे?"

"नाही."

"पावती कुणाला द्यायचो मी?"

"प्रवाशाला."

"मग! तो ती पावती ज्याच्या हाती देईल त्याला पेटी. हमाल येवो, जावई येवो. एवढं साधं तुम्हाला कळलं नाही? आणि पगार घेता?"

मला हसू आलं. म्हटलं, "पण खोलीची किल्ली तर तुमच्याकडेच असायची."

"होती की. चौतीस वर्षांत एका पेटीचं झाकण उचलून बघितलं नाही." हे म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. चष्मा पुसत होते.

रविवार, ६ ऑक्टोबर

एका ओळीचं काम नव्हतंच. नऊ दिवस शंकासुर आणि मी खुर्चीला चिकटून होतो. आता नोंद ज्याच्याबद्दल आहे त्याची. तो ज्याला पावती देईल त्याला ती दिसेल, काढून घेईल तेव्हा दिसायची बंद होईल. सगळ्या घरांना लागू व्हायला अजून महिना जाईल. पहिलं घर बाबांचं.

आज त्यांच्यासमोर फोन धरला. पडद्यावर नावं, नावापुढे चौकोन. बाबांनी एकेक नाव मोठ्याने वाचलं.

"सकाळच्या ताई." टिचकी.

"मावशी. या बाईने मला वाचवलं." दोनदा टिचकी मारली, खूण गेली, मी पुन्हा मारायला लावली.

"डॉक्टर. प्रश्न फार विचारतो. असू दे." टिचकी.

शेवटचं नाव माझं. बोट तिथे थोडं थांबलं. मग त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "झालं."

"मी राहिलो, बाबा."

"राहिला नाहीस. मुद्दाम सोडलंय."

"अहो, मला कळायला नको का?"

"कळायला हवं तर ये आणि विचार. तुला सगळं कळायचं म्हणून तू यायचा नाहीस. मला काय समजत नव्हतं? म्हणे अंदाज!" त्यांना दम लागला. मी पाणी दिलं. पिऊन झाल्यावर हळू आवाजात म्हणाले, "दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो. तेही वाचायचास?"

"वाचायचो."

मी वाचलं होतं, आणि टापटीप राहतात म्हणून मला बरं वाटलं होतं. याच वहीत आहे, पंधरा तारखेला. आत्ता मागे जाऊन बघितलं.

निघताना दारापर्यंत आले. "आणि ती तुझी ऑफिसातली किल्ली?"

"तिच्यातून अजून दिसतं."

"मग?" म्हणाले.

सोमवार, ७ ऑक्टोबर

मुख्य खात्याची वाट बंद केली. दुरुस्ती करता येईल, मजकूर दिसणार नाही. मॅडमना आधी विचारलं. "हे दोन वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं," म्हणाल्या. माझं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, की ठरलंय आणि हेच ते आहे, कळत नाही.

शंकासुराने अकरा वाटांनी आत शिरायचा प्रयत्न केला. मग माझी खुर्ची ओढून म्हणाली, "आता तुम्ही." मी माझ्या खात्यातून बाबांचं पान उघडलं. परवानगी नाही. हे शब्द मीच लिहिलेले, पण माझ्यासमोर आज पहिल्यांदा आले.

"आता शंका नाही," ती म्हणाली. सहा वर्षांत तिच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं.

रविवार, १३ ऑक्टोबर

आठवडाभर मला काहीच माहीत नव्हतं. जेवले का, चालले का, कुणावर खेकसले का, काही नाही. मंगळवारी त्यांनी फोन उचलला नाही तर अर्धा दिवस हातातलं काम सुचेना. बुधवारी उचलला आणि म्हणाले, "आलास की सांगतो." ठेवूनही दिला.

आज गेलो. दोन बस, सव्वा तास, पहिल्या बसमध्ये उभ्याने. बायको येते म्हणाली होती, मग म्हणाली, पुढच्या वेळी येईन, आज तू एकटा जा. किल्ली खिशात होती, पण बेल वाजवली. आतून काठीचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. दार उघडायला त्यांना बराच वेळ लागला.

कपाळावरची पट्टी निघालीय. शर्ट इस्त्रीचा.

"कसे आहात?" मी विचारलं. "सकाळी काय खाल्लंत?"

बाबा माझ्याकडे निरखून बघत राहिले. "तुला माहीत नाही?"

"नाही."

त्यांनी बाजूला होऊन दार पूर्ण उघडलं.

"मग बस," म्हणाले. "सांगतो."